दऱ्या, दर्या आणि लग्नाचे आचारी : एका अर्ध्या 'र'चे प्रकरण

एका तालुक्याच्या गावातून दरवर्षी निघणाऱ्या दिवाळी अंकाचे १९९६ ते २००४ या काळातले नऊ अंक ई-पुस्तकांच्या रूपात पुन्हा प्रसिद्ध करायचे, असे काम काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आले. मूळ मजकूर संगणकावरच जुळवलेला होता, सीडी जपून ठेवलेल्या होत्या आणि संपादकांच्या घरी छापील प्रतींचा संचही होता. फाइली उघडायच्या, मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना सारख्याच कळणाऱ्या अक्षरसंकेतांत, आणायचा, एकदा वाचून घ्यायचा आणि पाने लावायची, एवढेच काम आहे असे समजून आम्ही तीन महिन्यांची मुदत मागितली. प्रत्यक्षात वर्ष उलटून गेले. उशिराची कारणे तशी अनेक होती, पण मुख्य कारण एक अक्षर होते, आणि तेही अर्धे. या प्रकरणाची नोंद सविस्तर ठेवावीशी वाटली, ती आमच्या दिरंगाईचे समर्थन करण्यासाठी नव्हे. यंत्र बदलले की लिहिणे किती खोलवर बदलते, हे तंत्रज्ञानावरच्या भाषणांतून कधी कळले नव्हते तितके या अर्ध्या अक्षराने दाखवून दिले, म्हणून.

काम करणारे आम्ही तिघे होतो. मी स्वतः अक्षरजुळणीच्या धंद्यातला, म्हणजे खिळ्यांचा, धातूच्या सुट्या अक्षरांच्या जुळणीचा, शेवटचा काळ लहानपणी पाहिलेला आणि पोटापाण्यासाठी संगणकावरची जुळणी शिकलेला. मुद्रितशोधन करायला हायस्कुलातून निवृत्त झालेल्या मराठीच्या शिक्षिका होत्या, ज्यांना सगळे गाव नुसते 'बाई' म्हणते. तिसरा टंकनासाठी घेतलेला महाविद्यालयातला विद्यार्थी होता. नऊपैकी सात अंकांच्या सीडी वाचता आल्या आणि त्यांतला मजकूर एका रूपांतरकाने, म्हणजे जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या प्रोग्रॅमने, काही मिनिटांत बदलून दिला. उरलेल्या दोन सीडी कोणत्याही यंत्रात उघडेनात, तेव्हा ते दोन अंक छापील प्रतीवरून नव्याने टंकायचे ठरले.

घोटाळा पहिल्यांदा दिसला तो जुन्या काळच्या लग्नांवरच्या एका लेखात. रूपांतरित मजकुरात वाक्य होते, "पहाटे चारलाच आचार्यांच्या हाताखालची माणसे कांदे चिरायला बसत." बाईंनी समासात लाल शाईने लिहिले, "कोणते आचार्य? अत्रे की कृपलानी?" पुढच्या लेखात एक म्हातारी "गवताच्या भार्याखाली" वाकून चालत होती. त्यापुढे चपला शिवणाऱ्या एका कारागिरावरचे टिपण होते आणि त्याच्या पेटीत एक रापी व दोन "आर्या" होत्या. गंमत अशी की त्याच अंकात मोरोपंतांवरही लेख होता, आणि त्यातल्या आर्या मात्र खरोखरच्या आर्या होत्या. लग्नात हवे होते आचारी, म्हणून 'आचाऱ्यांच्या'. म्हातारीच्या डोक्यावर होता भारा, म्हणून 'भाऱ्याखाली'. पेटीत होत्या आरी नावाच्या टोच्या, म्हणून 'आऱ्या'. नुसत्या एका चिन्हाच्या फरकाने स्वयंपाक्याचा विद्वान झाला होता आणि गवताला बायको मिळाली होती.

मराठीत अर्धा 'र' दोन प्रकारे लिहिला जातो, हे शाळेत सगळेच शिकतात आणि बहुतेक सगळे विसरतात. 'सूर्य', 'कार्य', 'धैर्य' यांत तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. 'दऱ्या', 'वाऱ्यावर', 'कुऱ्हाड', 'वऱ्हाड', 'तऱ्हा' यांत तो य किंवा ह यांच्या आधी, पापणीसारखा आडवा, ओळीतच राहतो. हा फरक शोभेसाठी नाही. 'दर्या' म्हणताना 'द'वर आघात येतो, म्हणून वृत्तात तो 'द' गुरू धरतात आणि त्याच्या दोन मात्रा होतात. 'दऱ्या' म्हणताना आघात येत नाही, 'द' लघूच राहतो आणि त्याची एकच मात्रा मोजली जाते. म्हणजे कानाला ऐकू येणारा भेद डोळ्यांना दिसावा, यासाठी हे दुसरे चिन्ह आहे. हिंदीला त्याची गरज पडत नाही. नेपाळीत ते आहे. मराठीत मात्र ते इतके वारंवार येते की त्याच्याशिवाय वर्तमानपत्राचे पहिले पान जुळवता येणार नाही: शेतकऱ्यांना, कर्मचाऱ्यांचे, वारकऱ्यांची, गावकऱ्यांनी, दुसऱ्या, साऱ्या. राकारान्त आणि रीकारान्त नामांना प्रत्यय लागला की बहुधा हा आडवा 'र' हजर होतोच.

खिळ्यांच्या केसमध्ये

या अक्षराचे छपाईत काय होत आले, हे पाहिल्याशिवाय आमच्या फाइलींत काय झाले ते नीट कळत नाही. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग छापले, तेव्हा अक्षरांचा प्रश्न तसा सोपा होता, कारण शिळेवर हाताने लिहिता येई तेवढे सगळे छापता येई. धातूच्या खिळ्यांत तसे नव्हते. प्रत्येक आकाराचा साचा वेगळा, प्रत्येक खिळा वेगळा आणि केसमध्ये, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या पेटीत, त्याचा खण वेगळा. इंग्रजीचे काम ज्या मापाच्या केसमध्ये भागते तेवढ्यात देवनागरीची जोडाक्षरेसुद्धा मावत नाहीत. मराठी जुळणाऱ्याला शेकडो खण पाठ असावे लागत. जावजी दादाजी यांनी १८६९ साली सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याचे नाव आजही अदबीने घेतले जाते, ते या अडचणीत राहूनही त्यांनी सुबक खिळे घडवले म्हणून. तेथल्या टायपांचे वळण पुढे कित्येक दशके मराठी वाचकाच्या डोळ्यांत 'बरोबर' अक्षर म्हणून ठसून राहिले.

सगळ्याच लिपींना हे भाग्य लाभले नाही. मोडी ही झरझर, हात न उचलता लिहायची लिपी; तिचे खिळे पाडले गेले, पण सुटे सुटे तुकडे करण्याला तिचा स्वभावच राजी नव्हता. छापील पुस्तके बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, होत गेली, मोडी हिशेबात आणि पत्रव्यवहारात उरली आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळांतूनही गेली. युनिकोडमध्ये तिला जागा मिळाली ती २०१४ साली. घरातली जुनी कागदपत्रे पणतवाला वाचता येत नाहीत, यामागे राजकीय आणि शैक्षणिक कारणे आहेतच. पण कोणती लिपी यंत्राला परवडते, हेही त्यांतले एक कारण आहे आणि ते पुरेसे सांगितले जात नाही.

आडवा 'र' खिळ्यांच्या काळात टिकला, कारण त्याचा स्वतंत्र खिळा होता. तो खिळा पाडायचा की नाही, हे ठरवणारी माणसे मराठी बोलणारी होती आणि त्यांच्याकडे छापायला येणारा मजकूर मराठी होता. ज्या छापखान्यात मी लहानपणी घुटमळत असे, तिथले मालक एक आठवण सांगत. सहकारी सोसायटीचा वार्षिक अहवाल ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छपाईयंत्रावर, चढायचा होता आणि केसमधले 'ऱ्'चे खिळे संपले, कारण जवळपास प्रत्येक ओळीत 'शेतकऱ्यांना' किंवा 'शेतकऱ्यांचे' होते. शेजारच्या छापखान्यातून मूठभर खिळे उसने आणायला मुलाला पिटाळले. ते पुरेनात, तेव्हा सोसायटीच्या चिटणिसांना विचारून उरलेल्या ठिकाणी 'शेतकरी बांधवांना' करून घेतले. अहवालाचा सूर त्यामुळे एकदम भाषणासारखा झाला आणि चिटणीस खूश झाले, असे मालक हसत हसत सांगत. मला ही आठवण नुसती गमतीची वाटत नाही. यंत्र लेखकाला कधी 'हे लिहू नकोस' असे सांगत नाही. ते फक्त एक अक्षर स्वस्त करते आणि दुसरे महाग, आणि पुढे शब्दांची निवड आपोआप स्वस्ताकडे झुकते.

दोनशे छप्पन्न घरांचा वाडा

आमच्या नऊ अंकांच्या आधीच हा छापखाना संगणकावर आला होता. जुळणीच्या कामाला त्यामुळे जो मोकळेपणा आला, तो नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. खिळ्यांत परिच्छेदाच्या सुरुवातीला एक शब्द वाढवला तर शेवटपर्यंतच्या ओळी पुन्हा ओढाव्या लागत, त्यामुळे मुद्रितावर शब्द बदलणाऱ्या लेखकाला छापखान्यात कोणी चहा विचारत नसे. संगणकानंतर लेखक अगदी आदल्या रात्रीपर्यंत फिरवाफिरव करू लागले. संपादकांच्या फायलींत एकाच कथेची चार-चार मुद्रिते सापडली आणि त्यांतली शेवटची नेहमीच सर्वांत चांगली होती, असे मात्र म्हणवत नाही. मुखपृष्ठांचेही तसेच. पहिल्या दोन अंकांची नावे चित्रकाराने हाताने रेखाटलेली आहेत, आणि दोन्ही वर्षी अक्षरांचा नूर निराळा आहे. तिसऱ्या वर्षापासून जी नक्षीदार अक्षरे दिसतात, तीच त्या काळातल्या प्रत्येक लग्नपत्रिकेवर, वाढदिवसाच्या फलकावर आणि वडापावच्या गाडीवर दिसत होती.

बिघाडाचे मूळ मात्र फॉन्टच्या आत होते. भारतीय लिपींसाठी इस्की नावाची संकेतप्रणाली १९८८ साली तयार झाली होती आणि १९९१ साली ती भारतीय मानक म्हणून जाहीरही झाली. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने या दिशेने पायाभूत काम केले. तरी गावोगावच्या जुळणीच्या दुकानांत चालत ते निरनिराळ्या कंपन्यांचे फॉन्ट, आणि प्रत्येकाची मांडणी आपापली. संगणकाला वाटे की आपण इंग्रजी मजकूर साठवत आहोत. अक्षरांसाठी २५६ घरे, त्यांतली काही आधीच राखीव. उरलेल्या घरांत कंपनीने देवनागरीचे तुकडे बसवलेले: एका घरात काना, दुसऱ्यात वेलांटी, तिसऱ्यात अर्धा 'क'. एका फॉन्टमधली वेलांटी दुसऱ्या फॉन्टमध्ये 'ष' होऊन उभी राहिली, तर नवल नव्हते. शिवाय तुकडे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवले जात. 'कार्य' या शब्दात आधी 'क', मग काना, मग 'य' आणि शेवटी डोक्यावरचा रफार. युनिकोडचा क्रम उच्चाराचा आहे. तिथे 'र' आणि हलन्त (अक्षराचा पाय मोडणारे चिन्ह) आधी येतात आणि 'य' नंतर. म्हणून रूपांतरकाला नुसते तुकडे बदलून भागत नाही, त्यांना उचलून योग्य जागी न्यावे लागते.

आमच्या फॉन्टमध्ये रफाराचे घर वेगळे होते आणि आडव्या 'र'चे वेगळे, म्हणजे मूळ फाइलीत भेद शाबूत होता. रूपांतरक लिहिणाऱ्याने मात्र आडव्या 'र'च्या घरासमोर सरळ 'र' आणि हलन्त एवढेच लिहून ठेवले होते. त्याच्यापुढे हिंदी मजकूर असावा, हा माझा तर्क आहे. 'र' आणि हलन्त यांच्यापुढे 'य' आला की युनिकोडच्या नियमाप्रमाणे रफार होतो, तो झाला. पडद्यावर चौकोन आले नाहीत, प्रश्नचिन्हे आली नाहीत. सगळे शब्द मराठीसारखेच दिसत होते आणि कित्येक शब्द खरोखर मराठीच होते, फक्त लेखकाने लिहिलेले नव्हते. फाइल उघडलीच नसती तर आम्ही त्याच दिवशी सावध झालो असतो. उघडलेली, साफ दिसणारी फाइल आम्हाला चार महिने फसवत राहिली, कारण 'दुसर्या' आणि 'सार्या' यांच्यावरून डोळा सराईतपणे घसरतो.

एकाच शब्दाची दोन रूपे

चूक कळल्यावर मी रूपांतरकाच्या तक्त्यात दुरुस्ती करायला बसलो, तेव्हा पुढचा पेच समोर आला: आडवा 'र' युनिकोडमध्ये लिहायचा तरी कसा? त्याचे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही अधिकृत आहेत. युनिकोडची देवनागरी १९८८च्या इस्कीवर बेतलेली आहे. इस्कीच्या परिपाठाप्रमाणे, द्राविड भाषांतला एक विशिष्ट ध्वनी देवनागरीत दाखवण्यासाठी ठेवलेला, खाली नुक्ता, म्हणजे टिंब, असलेला 'ऱ' घ्यायचा आणि त्याला हलन्त जोडायचा. मग पडद्यावर पापणी उमटते. दुसरा मार्ग युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीतून आला. त्यात नेहमीचा 'र', हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे एक सांधणारे चिन्ह घालायचे. जुना मजकूर बिघडू नये म्हणून हा मार्गही चालू ठेवला आहे. वाचणाऱ्याला दोन्हींत तिळमात्र फरक दिसत नाही. यंत्राला मात्र हे दोन वेगळे शब्द आहेत. एका पद्धतीने टंकलेला 'शेतकऱ्यांना' दुसऱ्या पद्धतीने शोधला, तर साधा शोध रिकाम्या हाताने परत येतो. ज्यांच्या आडनावात हा 'र' आहे, त्या कुऱ्हाड्यांची आणि गोऱ्ह्यांची नावे दोन याद्यांत दोन पद्धतींनी भरली गेली, तर अक्षर अन् अक्षर ताडून पाहणाऱ्या यंत्राच्या लेखी ती दोन निराळी माणसे आहेत. शिवाय काही प्रणाली अदृश्य चिन्हे कचरा समजून गाळून टाकतात, आणि मग दुसऱ्या पद्धतीची दरी पुन्हा समुद्राला मिळते.

मराठीच्या वाट्याला आलेला हा एकच पेच नाही. 'ॲसिड', 'ॲप' यांतला 'ॲ' युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून दाखल झाला तो २००८ साली. तोवर कोणी हिंदीचा 'ऍ' वापरी, कोणी 'अ'वर चंद्र चिकटवी. पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' हे मराठी वळण राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयात प्रमाण ठरवले. युनिकोडमध्ये 'ल' एकच असल्याने ते वळण दिसणे न दिसणे फॉन्टवर आणि मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवली आहे की नाही यावर अवलंबून राहते. आमच्या ई-पुस्तकात भाषेची ही नोंद पहिल्यांदा राहून गेली होती आणि 'ल' हिंदी वळणाचा आला. बाईंना ते पहिल्या पानावरच खटकले. ही दुरुस्ती मात्र दोन मिनिटांची होती.

आम्ही काय केले

तक्ता दुरुस्त करून सातही अंक नव्याने रूपांतरित करावेत, हा सरळ उपाय होता. तो तसाच्या तसा घेता आला नाही, कारण चार महिन्यांत बाईंनी रूपांतरित मजकुरावर इतर शेकडो दुरुस्त्या केल्या होत्या आणि काही लेखकांनी आपले लेख सुधारून ईमेलने पाठवले होते. त्या सगळ्यांवर पाणी सोडणे शक्य नव्हते. सरसकट बदल करावा, तर मोरोपंतांच्या आर्या टोच्या झाल्या असत्या.

शेवटी मधला मार्ग निघाला. दुरुस्त तक्त्याने मूळ फाइली पुन्हा रूपांतरित केल्या, त्यांतून आडवा 'र' असलेले सगळे शब्द त्यांच्या मागच्या-पुढच्या शब्दांसह क्रमाने काढले आणि ती यादी सुधारलेल्या मजकुराशी ताडून पाहिली. बहुतेक जागा यातच सापडल्या. ईमेलने आलेल्या लेखांना हा आधार नव्हता. तिथे भाषेचे ज्ञान उपयोगी पडले. 'र्ह' दिसला की तो जवळजवळ नेहमीच 'ऱ्ह' असायला हवा, कारण रफाराचा 'ह' 'अर्हता', 'गर्हणीय' अशा मोजक्या संस्कृत शब्दांतच येतो. 'र्य'चे तसे नाही. तिथे बाईंनी कोणत्याही प्रोग्रॅमपेक्षा चोख कसोटी दिली: मूळ शब्दाच्या शेवटी 'रा', 'री' किंवा 'रे' असेल तर पापणी, 'र्य' असेल तर रफार. वारा, म्हणून वाऱ्याने. शौर्य, म्हणून शौर्याने. विद्यार्थ्याने ही कसोटी वापरून शब्दांची यादी केली आणि ज्या शब्दांना दोन्ही मूळ शब्द संभवतात ते वेगळे काढले. आचार्य-आचारी, भार्या-भारा, आर्या-आरी, दर्या-दरी हे त्यांतले ठळक. ते प्रत्येक ठिकाणी वाक्य वाचूनच ठरवावे लागले.

लिहिण्याची पद्धत आम्ही एकच ठेवली, 'ऱ' आणि हलन्त ही. अदृश्य चिन्हावर विसंबून पुस्तक करणे मला पटेना; जे दिसत नाही ते मुद्रितशोधकाने तपासायचे कसे? इन्स्क्रिप्ट कळफलकावर 'र'च्याच कळीवर शिफ्ट धरले की 'ऱ' येतो, त्यामुळे टंकनालाही ती पद्धत सोपी पडते. आलेल्या लेखांतली दुसरी पद्धत शोधून एका फटक्यात बदलली. हा एवढाच सरसकट बदल साऱ्या प्रकरणात निर्धोक निघाला.

राहिलेले दोन अंक

नव्याने टंकायच्या दोन अंकांचे काम विद्यार्थ्याकडे होते, आणि त्याला इन्स्क्रिप्ट येत नव्हते. तो फोनवर टंकत असे: बोट रोमन अक्षरांवर, आणि वरच्या पट्टीत सुचवलेल्या देवनागरी शब्दांतून एकाची निवड. त्याला त्यासाठी बोल लावता येत नाही. त्याच्या आधीची एक अख्खी पिढी मोबाइलवर मराठी रोमनमध्येच लिहायला शिकली, आणि त्यामागे आळसापेक्षा हिशेब मोठा होता. रोमन लिपीतल्या एका एसएमएसमध्ये १६० वर्ण मावत. त्यात देवनागरीचे एक जरी अक्षर आले, तरी ती मर्यादा ७० वर येई. त्यातही काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगवेगळे मोजले जात. 'शेतकऱ्यांना' हा बोलायला पाच अक्षरांचा शब्द, पण संदेशात अकरा जागा खातो, आणि आडवा 'र' अदृश्य चिन्हाने लिहिला तर बारा. सणाला शंभर जणांना शुभेच्छा पाठवणाऱ्याने लिपीचा अभिमान कितीसा बाळगायचा? रोमनमध्ये लिहिताना 'ल' आणि 'ळ', 'न' आणि 'ण' जसे एक होतात, तसेच दोन्ही 'र'ही एक होतात. भेद पुन्हा उभा राहतो तो सूचनांच्या पट्टीत, आणि तिथे पहिला मान बहुधा अधिक वापरातल्या शब्दाला मिळतो.

या दोन अंकांत चुका फार नव्हत्या. 'शेतकऱ्यांना', 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' हे शब्द पट्टीने नेहमी अचूक दिले. या बाबतीत फोन आमच्या रूपांतरकापेक्षा मराठी अधिक जाणत होता. त्यामुळेच आम्ही सैल झालो. गद्याची पाने बाईंनी एकदाच वाचली आणि कविता शेवटी ठेवल्या, कारण कविता त्या मोठ्याने वाचत आणि त्यासाठी घरात शांतता लागे.

एका संध्याकाळी मी पाने घ्यायला गेलो, तेव्हा त्या एका कवयित्रीची रचना म्हणत होत्या. भुजंगप्रयात वृत्त, म्हणजे मनाच्या श्लोकांची चाल. गावात वाढलेल्या कोणाच्याही कानात ती असतेच. तीन ओळी व्यवस्थित गेल्या आणि चौथीला बाई अडखळल्या. ओळ होती, "कशी पार दऱ्या करू सांग आता." त्यांनी ती पुन्हा म्हटली, बोटांवर मात्रा मोजल्या आणि चष्मा काढला.

"एक मात्रा कुठे गेली रे हिची?"

ओळीत व्याकरणाची चूक नव्हती. अर्थही लागत होता. सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणारी बाई दऱ्या पार करण्याबद्दल बोलेल, यात वावगे काय? दुहेरी शब्दांच्या आमच्या यादीत 'दऱ्या' होता, पण ती यादी सात अंकांपुरती होती आणि हा अंक तिच्याबाहेरचा. बाईंनी छापील प्रत मागवली. पान काढले, बोट ओळीवर ठेवले. तिथे 'य'च्या डोक्यावर रफार स्पष्ट दिसत होता: "कशी पार दर्या करू सांग आता." म्हणून पाहिली, तर ओळ सरळ पुढे गेली.

विद्यार्थी तिथेच होता. "बाई, मला तर दोन्ही सारखेच ऐकू येतात," तो म्हणाला. बाईंनी त्याला उभे करून चार वेळा ओळ म्हणायला लावली, एकदा दऱ्यांनी आणि एकदा दर्याने, आलटून पालटून. मग त्याने फोन काढून दुरुस्ती टंकायला घेतली. रोमनमध्ये शब्द पुरा केला तशी पट्टीत पहिली सूचना आली ती 'दऱ्या' हीच. त्याने ती सोडली आणि शेजारच्या शब्दावर बोट ठेवले.